ठरल्या वेळेच्या चार सेकंद आधी

वहीतली नोंद अशी आहे: अभिजितच्या खाली चार ताऱ्यांची जी तिरपी चौकट दिसते, तिच्या तळाच्या दोन ताऱ्यांमधून गेला. डावीकडच्या ताऱ्यापासून साधारण एक तृतीयांशावर. अपेक्षित वेळ ७:१८:४०. प्रत्यक्षात ७:१८:३६. शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात: ‘घड्याळ?’

गेला तो एका रॉकेटचा रिकामा टप्पा. डोक्यावरचा उपग्रह त्यानं कक्षेत सोडला, इंधन संपलं, आणि त्यानंतर त्याला कुणी विचारलं नाही. अशा टप्प्यांना स्वतःचं नावही नसतं. ज्याला पोचवलं त्याचं नाव, पुढे ‘रॉकेट’ असा शेरा आणि कक्षेतल्या वस्तूंच्या यादीतला पाच आकडी क्रमांक. याच्या क्रमांकाच्या शेवटी १९ होते, म्हणून माझ्यापुरता तो ‘एकोणीस’ झाला. जवळजवळ सात महिने मी त्याच्या मागे होते.

मागे होते म्हणजे नेमकं काय करत होते, हे सांगताना मी नेहमी अडखळते. ‘तुला ताऱ्यांची फार आवड, नाही?’ असं कुणी कौतुकानं विचारलं की मी मान डोलावते, कारण खरं उत्तर लांबतं. आवड आहे, पण वाटसरूला मैलाच्या दगडांची असते तेवढीच. माझं लक्ष असतं ते ताऱ्यांच्या मधून जाणाऱ्या, माणसानं वर फेकलेल्या वस्तूंवर. त्या वेळेवर येतात की नाही, हे बघायला मी गच्चीवर जाते. एवढंच.

ज्यांनी मुद्दाम कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. उपग्रहाला दिसण्यासारखा दिवा नसतो. सूर्य मावळून खाली अंधार पडलेला असतो तेव्हा चारशे किलोमीटर वर अजून ऊन असतं, त्या उन्हात तो चमकतो. म्हणून संध्याकाळचे एक-दोन तास आणि पहाटेचे एक-दोन तास हा आमचा धंद्याचा वेळ. लाल-हिरवे दिवे दिसले तर ते विमान. पहिल्या वर्षी माझी निम्मी निरीक्षणं विमानांचीच होती. उपग्रह म्हणजे एक मुका ठिपका, बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरळ चालत जाणारा. पूर्वेकडे, कारण रॉकेट सोडताना पृथ्वीच्या फिरण्याचा फुकटचा रेटा बहुतेकांना हवा असतो. इस्रायल मात्र आपले काही उपग्रह उलटे, पश्चिमेकडे सोडतो. पूर्वेला शेजाऱ्यांची जमीन, पश्चिमेला समुद्र. रॉकेटचे तुकडे समुद्रात पडावेत म्हणून तो रेटा सोडून देतो. आकाशातल्या एका ठिपक्याच्या उलट्या चालीत जमिनीवरची भांडणं वाचता येतात, हे मला अजूनही अजब वाटतं.

आणि मग आकाशाच्या ऐन मध्यावर, आड काहीही आलेलं नसताना, तो ठिपका मंद होतो, तांबूस होतो आणि विझतो. पृथ्वीच्या सावलीत शिरतो. चंद्रग्रहणं मी पाहिली होती, पण आपल्या पायाखालच्या या गोळ्याची सावली रोज संध्याकाळी डोक्यावर चढत येते आणि तिला काठ आहे, हे मला कळलं ते अशा एका विझण्यातून.

सुरुवात सगळ्यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकापासून करावी. मीही तशीच केली. शंभर मीटरहून जास्त पसारा, शुक्राच्या तोडीचं तेज, चुकणं अवघड. पण स्थानक म्हणजे मेलगाडी. सगळं जग तिची वेळ राखतं, आणि खाली घसरली की इंजिन पेटवून तिला पुन्हा वर ढकलतात. माझा जीव रमला तो मालगाडीच्या सुट्या डब्यांत. त्यांना ढकलणारं कुणी नसतं.

या डब्यांचं वेळापत्रक मात्र असतं, आणि ते ज्या लिपीत लिहितात ती मोठी गमतीची आहे. प्रत्येक वस्तूसाठी ६९ अक्षरांच्या दोन ओळी. कक्षेचा कल, तिचा लांबटपणा, दिवसाला किती फेऱ्या, हवेचा अडथळा किती, सगळं त्यात कोंबलेलं. छिद्रं पाडलेल्या कार्डांवर संगणकाला माहिती भरवायचे त्या काळातली ही पद्धत. जागा वाचावी म्हणून काही आकड्यांत दशांशचिन्हही लिहीत नाहीत, ते वाचणाऱ्यानं मनात धरायचं. वर्षाचे दोनच आकडे. ते ५७ ते ९९ असले तर विसावं शतक समजायचं, ०० ते ५६ असले तर एकविसावं, कारण १९५७ च्या आधी वर माणसाचं काही नव्हतंच. इतका कोरडा कागद, आणि त्याच्या व्याकरणातच अवकाशयुगाचा जन्मदाखला दडलेला. तसंच, यादीतला पहिला क्रमांक पहिल्या कृत्रिम उपग्रहाचा, म्हणजे स्पुटनिकचा असेल असं कुणालाही वाटेल. तो आहे स्पुटनिकच्या रॉकेटचा. खुद्द स्पुटनिक दोन नंबरला. मला हे कळलं तेव्हा रिकाम्या टप्प्यांच्या वतीनं उगाच अभिमान वाटला होता.

त्यात न्यायही आहे. स्पुटनिक ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलोचा गोळा. नुसत्या डोळ्यांना तो जेमतेम दिसला असता. ऑक्टोबर १९५७ मध्ये घराबाहेर येऊन ज्यांनी ज्यांनी ‘स्पुटनिक पाहिला’, त्यांतल्या बहुतेकांनी त्याच्या मागोमाग फिरणारं मोठं रॉकेट पाहिलं.

त्या वेळी वेळापत्रक नव्हतं. फिरणारी वस्तू पुन्हा कुठे, केव्हा उगवेल हे कुणीतरी पाहून सांगायचं होतं, आणि इथे हौशी माणसं कामाला आली. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन वेधशाळेचे फ्रेड व्हिपल यांनी १९५६ पासूनच ‘मूनवॉच’ नावानं स्वयंसेवकांचे गट बांधायला घेतले होते. कृत्रिम चंद्र पाहायचे म्हणून मूनवॉच. पद्धत साधी होती. लहान दुर्बिणी एका ओळीत लावायच्या, प्रत्येकानं उत्तर-दक्षिण रेषेवरचा आकाशाचा आपला तुकडा राखायचा आणि आपल्या तुकड्यातून काही सरकलं की त्या क्षणाची खूण करायची. शाळकरी मुलं, शिक्षक, निवृत्त माणसं अशी सगळी त्या कुंपणावर बसायची. तज्ज्ञांमधल्या बऱ्याच जणांना हा पोरखेळ वाटत होता. पण स्पुटनिक उडाला तेव्हा उपग्रह टिपण्याचे खास मोठे कॅमेरे अजून सगळीकडे पोचलेच नव्हते (पुढे त्यांतला एक आपल्या नैनितालला बसला), आणि सुरुवातीच्या दिवसांत या पोरखेळाच्या वेळांवरच कक्षा मांडाव्या लागल्या. मूनवॉच १९७५ पर्यंत चाललं. मी त्यात असायला हवी होते असं वाटतं. थंडीत मान अवघडून, आपल्या तीन बोटांएवढ्या आकाशाशी इमान राखत तासन्‌तास काहीही न दिसणं.

आज माझ्याकडे असलेलं सामान त्यांच्याहून फारसं वेगळं नाही. १० बाय ५० ची द्विनेत्री दुर्बीण, स्टॉपवॉच, ताऱ्यांचा नकाशा, वही. अंदाज बघायचा, वाटेवरची जवळजवळच्या, सहज ओळखू येणाऱ्या दोन तारकांची जोडी निवडायची, दुर्बीण तिथे रोखून थांबायचं. ठिपका जोडीमधून जाताना बटण दाबायचं आणि तो जोडीला कुठे छेदून गेला हे डोळ्यांत धरून ठेवायचं. चारशे किलोमीटरवरची वस्तू माथ्यावरून जाताना सेकंदाला साधारण एक अंश सरकते. सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक म्हणजे वर पाऊण किलोमीटरची. आणि माणसाचा हात एवढ्या बारीक वेळेला प्रामाणिक नसतो.

याची एक जुनी, जराशी दुःखद गोष्ट आहे. ग्रीनिचच्या वेधशाळेत नेव्हिल मॅस्केलाइन यांच्या हाताखाली डेव्हिड किनेब्रुक नावाचा सहायक होता. तारा दुर्बिणीतल्या तारेला ओलांडतो ती वेळ नोंदवायचं त्याचं काम. त्याच्या वेळा साहेबांच्या वेळांपेक्षा ०.८ सेकंदानं उशिरा येऊ लागल्या, आणि १७९६ मध्ये त्याची नोकरी गेली. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी दाखवलं की प्रत्येक निरीक्षकाचा डोळा आणि हात यांच्यातला वेळ वेगवेगळाच असतो. त्याला दोष न म्हणता मोजून वजा करायचं असतं. खगोलशास्त्रात त्याला ‘व्यक्तिगत समीकरण’ म्हणतात. किनेब्रुकला या शोधाचा उपयोग झाला नाही. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर मी माझं समीकरण लिहून ठेवलंय आणि दर काही महिन्यांनी ते बदलतं. वय वाढतंय त्या दिशेनंच बदलतं.

तर, उणे चार. पुढच्या संध्याकाळी उणे पाच. मला वाटलं, सापडलं काहीतरी. एकोणीस घसरायला लागला, आणि मी त्याला घसरताना पकडलं. दोन दिवस मी त्या आनंदात होते. तिसऱ्या दिवशी सवयीनं दुसरा एक जुना टप्पा पाहिला. हजार किलोमीटरच्या वर फिरणारा, वर्षानुवर्षं ठरल्या ठिकाणी ठरल्या क्षणी हजर होणारा. तोही दोन सेकंद लवकर आला. मग आणखी एक पाहिला. तोही दोन सेकंद लवकर. जे कधीच लवकर येत नाहीत तेही लवकर यायला लागले, तर दोष आपल्या घड्याळात असतो. माझं घड्याळ दोन सेकंद मागे पडलं होतं. पेन्सिलीतलं ते प्रश्नचिन्ह बरोबर होतं, मी त्याचं ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून नेम ठेवला. आधी उंचावरचा एक म्हातारा बघायचा, त्याच्यावर घड्याळ तपासायचं आणि मगच एकोणीसकडे वळायचं. घड्याळाचे दोन सेकंद वजा केले तरी एकोणीसचे दोन-तीन सेकंद उरतच होते. ते त्याचे स्वतःचे होते.

इथे एक गोष्ट आहे जी मला पहिल्यांदा वाचली तेव्हा उलटी छापली गेल्यासारखी वाटली. वरच्या विरळ हवेचा अडथळा वस्तूला मागे खेचतो. मागे खेचली जाणारी वस्तू उशिरा यायला हवी. ती लवकर येते. कारण अडथळ्यात शक्ती गमावली की ती खाली उतरते. खाली उतरताना वेग वाढतो आणि शिवाय खालचा फेरा आखूड. चारशे किलोमीटरवर एका फेरीला साडेब्याण्णव मिनिटं लागतात, दोनशेवर साडेअठ्ठ्याऐंशी. ब्रेक लावलेली गाडी जोरात धावते असा हा प्रकार. ज्याचं सगळं ठीक आहे तो वेळेवर येतो, आणि जो पडतोय तो दर संध्याकाळी थोडा आधी येतो.

हे लवकर येणं हेच एकेकाळी विज्ञानाचं मोठं साधन होतं. दोनशे किलोमीटरवर हवा किती दाट आहे हे १९५७ पर्यंत फारसं कुणाला माहीत नव्हतं. स्पुटनिक आणि त्याचं रॉकेट किती वेगानं उतरतात यावरून कळलं की समजत होते त्यापेक्षा ती दाट आहे. इंग्लंडमध्ये फार्नबरोला डेस्मंड किंग-हेली यांनी उपग्रहांच्या कक्षांवरून वरच्या हवेचा अभ्यास करण्यातच आयुष्य घालवलं, आणि त्यांच्या आकडेमोडीत हौशी निरीक्षकांच्या, स्टॉपवॉचनं घेतलेल्या वेळा असायच्या. स्मिथसोनियनमधल्या लुइजी याक्किया यांना दिसलं की हा अडथळा एकसारखा नसतोच, तो सूर्याप्रमाणे बदलतो. सूर्य खवळला की वरची हवा तापते, फुगते, वर चढते आणि तिथल्या सगळ्यांच्या वाटेत येते. ‘स्कायलॅब’ स्थानक ११ जुलै १९७९ ला ऑस्ट्रेलियावर कोसळलं, ते असं सूर्याच्या जोरामुळे आधीच्या हिशेबापेक्षा लवकर. २०२२ च्या फेब्रुवारीत स्टारलिंकचे ४९ उपग्रह एकदम सोडले गेले आणि मागोमाग आलेल्या चुंबकीय वादळात त्यांतले बहुतेक दिवसांतच खाली आले. तेव्हा माझ्या वहीतले सगळेच खालच्या मजल्यावरचे पाहुणे एका आठवड्यात घाईला आले होते. घड्याळ तपासलं. घड्याळ बरोबर होतं. सूर्याकडे न बघता, रात्री गच्चीवर उभं राहून मला सूर्याची तब्येत कळली.

वेळ बारकाईनं ऐकली तर आणखी बरंच कळतं, याचा सगळ्यांत खोडकर दाखला केटरिंगचा. इंग्लंडमधल्या या गावातल्या ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी भौतिकशास्त्र शिकवायचे. ते, त्यांचे सहकारी आणि मुलं साध्या रेडिओवर सोव्हिएत उपग्रहांचे संकेत ऐकायची, केव्हा ऐकू आले ते लिहायची. १९६६ मध्ये कॉसमॉस ११२ नावाचा एक उपग्रह त्यांना नेहमीच्या हिशेबात बसेना. त्याची वाट मागे-मागे ओढत नेली की ती माहीत असलेल्या तळाला जाऊन मिळत नव्हती. नंतरच्या उपग्रहांच्या वाटाही ताडून पाहिल्या आणि त्यांनी जाहीर केलं की रशियाच्या उत्तर भागात दुसरा एक तळ असला पाहिजे. तो प्लेसेत्स्क. सोव्हिएत सरकारनं त्याचं अस्तित्व मान्य केलं १९८३ मध्ये. शाळेतल्या वहीला जे सतरा वर्षं आधी कळलं होतं ते.

आजही काही लष्करी उपग्रहांच्या कक्षा जाहीर यादीत नसतात. अमेरिकेचं एक्स-३७बी हे बिनमाणसी यान २२ एप्रिल २०१० ला उडालं तेव्हाही कक्षा सांगितली नव्हती. महिनाभरात निरनिराळ्या देशांतल्या हौशी लोकांनी ते शोधून काढलं. मला कुणी कुणी विचारतं, यात हेरगिरीसारखं वाटत नाही का? नाही वाटत. जी वस्तू माझ्या डोक्यावरून भर उन्हात जाते ती लपलेली आहे असं मी का समजू?

पण खरं सांगायचं तर गुपितांपेक्षा मला विसरलेल्यांचं जास्त वाटतं. रेडिओवाल्यांकडे अशा गोष्टी जास्त आहेत. ऐकणं मी फार उशिरा, अर्धवट शिकले. जवळ येताना स्वर चढा, दूर जाताना उतरता, आणि तो जिथे सगळ्यांत भरभर उतरतो तो क्षण म्हणजे सर्वांत जवळचा, एवढं जमतं. हौसेनं बिनतारी संदेश पाठवणाऱ्या हॅम रेडिओवाल्यांसाठीचा ऑस्कर-७ हा छोटा उपग्रह १९७४ मध्ये गेला, १९८१ मध्ये त्याच्या बॅटऱ्या बिघडल्या आणि तो गप्प झाला. २००२ च्या जूनमध्ये तो पुन्हा बोलायला लागला. बॅटरीतला बिघाडच पुढे असा बिघडला की वीज तिच्यातून वाया जायची थांबली, आणि सौरपत्र्यांची वीज थेट यंत्रांना मिळू लागली. ऊन आहे तोवर तो बोलतो, सावलीत गेला की मूर्च्छा. दुसरी गोष्ट २०१८ मधली. स्कॉट टिली हे कॅनडातले हौशी निरीक्षक एक गुप्त उपग्रह शोधत होते, आणि त्यांना भलत्याच कुणाचा आवाज आला. तो होता नासाचा ‘इमेज’. २००५ मध्ये संपर्क तुटलेला, गेला म्हणून सोडून दिलेला. काही दिवसांनी नासानं मान्य केलं, हो, आमचाच. कुणीतरी दुसऱ्याला हाक मारत होतं आणि हा ‘ओ’ देऊन मोकळा झाला.

एकोणीसला आवाज नव्हता. तो लुकलुकायचा. रिकामा नळकांड्यासारखा टप्पा कोलांट्या खात जातो. उभा-आडवा होईल तसं ऊन कधी पुरतं परततं, कधी नाही. चमक, मंद, चमक. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा दोन चमकांमध्ये साडेसहा सेकंद होते, तीन महिन्यांनी नऊ, शेवटी शेवटी अकराच्या पुढे. धातूचा पत्रा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात गरागरा फिरतो तेव्हा त्यात वीज खेळते आणि तीच त्या फिरण्याला आवरत जाते. म्हणजे एकीकडे त्याची कोलांटी संथ होत होती आणि दुसरीकडे तो दर फेरीला आणखी घाईत होता. दोन्ही आकडे एका पानावर शेजारी लिहिताना मला जरा कसंसं व्हायचं. लोखंडाअॅल्युमिनियमच्या डब्याबद्दल असं वाटू नये हे मला कळतं.

सलग दिसायचाही नाही. त्याच्या कक्षेचं प्रतल हळूहळू फिरत असतं, त्यामुळे आठ-दहा दिवस संध्याकाळी, मग बरेच दिवस बेपत्ता, मग पहाटे. शिवाय ढग. सात महिन्यांत माझ्या वहीत त्याच्या फक्त एकतीस नोंदी आहेत, आणि त्यांतल्या पाचांवर मी स्वतःच काट मारली आहे. दुर्बिणीवर दव, हात थरथरला, भलताच उपग्रह. हल्ली ही भलत्याची भानगड फार वाढली आहे. पूर्वी दुर्बिणीच्या वर्तुळातून काही गेलं तर तो बहुधा आपलाच असायचा. आता एकाची वाट बघत असताना तिघं आडवे जातात आणि कुणीच ओळख देत नाही. यावर पुष्कळ बोलता येईल, पण मग मी थांबणार नाही.

माझी भाची सुट्टीत राहायला आली होती तेव्हाची गोष्ट. नऊ वर्षांची. तिला मी आधी अवकाश स्थानक दाखवलं होतं आणि तिनं त्याला मनापासून हात केला होता. एकोणीसच्या वेळी तिनं दुर्बिणीतून पाहिलं, दोनदा चमकताना पाहिलं आणि विचारलं, “मावशी, ह्यात कोण आहे?”

“कुणी नाही गं. रिकामं आहे.”

“मग ह्याला हात नाही करायचा?”

“करायचा तर कर.”

तिनं थोडा विचार केला आणि केला नाही. “हा आपल्याला ओळखत नाही,” असं म्हणाली. मग काही वेळानं, “पण तू ह्याला ओळखतेस.” मी स्टॉपवॉच वाचत होते. उणे नऊ.

ती असतानाच त्याचे शेवटचे दिवस आले. रिकामी वस्तू नेमकी कधी आणि कुठे पडेल हे शेवटपर्यंत कुणाला सांगता येत नाही. उरलेल्या वेळाच्या दहा-वीस टक्के इकडेतिकडे धरून चालायचं असतं. पाच दिवस उरले असतील तर दिवसभराचा घोळ, पाच तास उरले असतील तर तासाभराचा. आणि तिथे दहा मिनिटांची चूक म्हणजे जमिनीवर साडेचार हजार किलोमीटर. शुक्राकडे निघालेलं आणि पृथ्वीभोवतीच अडकून पडलेलं कॉसमॉस ४८२ हे सोव्हिएत यान १९७२ पासून फिरत होतं. नेदरलँड्सचे मार्को लँगब्रुक आणि इतर काही निरीक्षक त्याच्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवून होते. २०२५ च्या १० मे रोजी ते पडलं, तेव्हाही शेवटच्या काही तासांपर्यंत अंदाजाच्या पट्ट्यात अनेक खंड होते. माझ्या एकोणीसकडे बातम्यांचं लक्ष असण्याचं कारण नव्हतं. त्याच्यासाठी फक्त एक ओळ होती: अमुक तारीख, अधिक-उणे दोन दिवस.

त्या संध्याकाळी तो माथ्याच्या जवळून जाणार होता. अपेक्षित वेळ ७:०६:५०. माझ्याजवळच्या त्या दोन ओळी आदल्या दिवशीच्या होत्या. नव्या घ्यायच्या राहिल्या होत्या आणि मी म्हटलं, असू दे, पाच मिनिटं आधी उभं राहू. इतक्या खालून जाणारी वस्तू फार लवकर सावलीत शिरते, म्हणून ती दिसते तेव्हा आकाशही पुरतं काळं झालेलं नसतं. तारे शोधायलाच वेळ लागतो. भाचीला दुर्बीण देऊन वर पिटाळलं. स्टॉपवॉचचा सेल संपलेला होता. नवा खणात मिळेना, मग दुसऱ्या खणात मिळाला. मी जिना चढायला लागले तेव्हा ७:०४ झाली होती.

ती कठड्याजवळ उभी होती. दुर्बीण गळ्यात, डोळ्यांना न लावलेली.

“मावशी, तो गेला.”

“कोण गेला? अजून दोन मिनिटं आहेत.”

“एकोणीस. तिकडून आला आणि असा गेला.” तिनं हात डोक्यावरून झर्रकन नेला. “खूप पळत होता. दुर्बिणीत मावतच नव्हता.”

“विमान असेल.”

“चमकत होता. मी मोजलं. एक, मग अकरा आकडे, मग परत एक. चारदा. मग लाल झाला आणि नाही.”

मी तरी ठरल्या वेळेपर्यंत थांबले. ७:०६:५० ला अभिजितच्या खालची चौकट नुसतीच होती. ७:१५ पर्यंत थांबले. रात्री नव्या ओळी आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी यादीत त्याच्या क्रमांकापुढे पडल्याची तारीख लागली होती, ती आदल्याच रात्रीची.

ज्या निरीक्षणाला वेळ नाही ते निरीक्षण नाही, हे या कामातलं पहिलं शिकवणं. वेळ नसेल तर नोंद करायची नाही. पण खाली आल्यावर भाचीनं वही मागितली आणि मी दिली. बत्तिसावी नोंद तिच्या मोठ्या, वेलांट्या सुटलेल्या अक्षरात आहे. वस्तू: एकोणीस. चमक: ४. तारे: माहीत नाही. वेळेच्या रकान्यात काय लिहू, असं तिनं विचारलं नाही. तिचं तिनंच लिहिलं: ‘लवकर’.